शिकत नाही, कमवत नाही

आमच्या घरात आम्ही दोन भावंडं. दादा मोठा, मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. वाढलो एकाच घरात, पण सरकारी कागदांवर आमची वयं वेगवेगळ्या वेगाने वाढली. दादा एकोणिसाव्या वर्षी एका दुपारीत मोठा झाला. मी अजूनही लहानच आहे, आणि लग्न केलं नाही तर बहुतेक लहानच राहीन.

आधी माझं सांगते. माझा जन्म 2006 चा. मध्य प्रदेशात 2007 मध्ये लाडली लक्ष्मी योजना सुरू झाली, आणि 1 जानेवारी 2006 पासून जन्मलेल्या मुली तिच्यात धरल्या गेल्या. म्हणजे आम्ही या योजनेच्या अगदी पहिल्या मुली. आईने मला कडेवर घेऊन अंगणवाडीत फॉर्म भरला होता. सहावीत गेले तेव्हा 2000 रुपये आले, नववीत 4000, अकरावीत 6000, बारावीत परत 6000. पुढे 2022 मध्ये कॉलेजसाठी 25,000 रुपयांची भर पडली, तीही दोन हप्त्यांत. बारावीच्या परीक्षेला बसलेली असेन आणि अठराच्या आत लग्न झालेलं नसेल, तर एकविसाव्या वर्षी एक लाख. थोडक्यात, मी वर्गात असले की पैसे येतात. वर्ग सुटला की पुढचा हप्ता नाही. ग्वाल्हेरला आमच्या गल्लीतल्या एक-दोन मुलींची शाळा केवळ या हप्त्यांमुळे टिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे अशा योजनांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

आता दादाचं. बाबा भिंड रोडवर मालनपूरला कारखान्यात आहेत. पगार महिना 21,000 च्या आत, म्हणून ईएसआय लागू. त्यांच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, आणि त्या बदल्यात घरच्यांचं औषधपाणी होतं. पण 'घरचे' म्हणजे कोण? ते 1948 च्या कायद्यात लिहून ठेवलं होतं. अठरा वर्षांच्या आतलं मूल बापावर अवलंबून असेल तर चालतं. अठरानंतर मुलगा शिकत असेल तरच घरचा, आणि तोही एकवीस पूर्ण होईपर्यंत. बापावर अवलंबून असलेल्या अविवाहित मुलीला मात्र वयाची मर्यादाच नाही.

दादाने बीकॉम दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्याला कोणी 'सोड' म्हणालं नव्हतं. बाबांचा ओव्हरटाइम बंद झाला होता, माझी बारावी संपत आली होती, आणि घरात एकाच फीचा हिशेब बसत होता. दादाच आईला म्हणाला, "हिचं होऊ दे आधी. मी काम बघतो." मग सात महिने तो काम बघत होता. दाल बाजार झाला, नया बाजार झाला, मालनपूरचे ठेकेदार झाले. सगळीकडे एकच उत्तर, "नंबर छोड़ जाओ."

त्याच काळात कार्डासाठी त्याचं बोनाफाईड मागितलं गेलं. काउंटरवरचे काका सज्जन होते. त्यांनी बाबांना विचारलं, "लड़का पढ़ रहा है?" बाबा म्हणाले, "नहीं." "कमा रहा है?" "नहीं." काका जरा थांबले. फॉर्मवर तिसरा रकाना नव्हता. त्यांनी दादाच्या नावासमोर काट मारली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ऑक्टोबरात दादाला डेंग्यू झाला. पाच दिवस खाजगी दवाखान्यात, 34,000 रुपये. बाबांनी त्यासाठी काढलेलं कर्ज अजून फिटतंय. त्याच आठवड्यात मलाही ताप होता. माझं कार्ड चालू होतं, मला गोळ्या फुकट मिळाल्या.

त्यानंतर मी हा कायदा काढून वाचला. त्यात आणखी एक गंमत सापडली. कामगार कामावरच्या अपघातात गेला, तर त्याच्या मुलाला मिळणारी रक्कम पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू राहते. आधी ही मर्यादा अठरा होती, 2010 मध्ये वाढवली. पीएफच्या पेन्शनमध्येही मुलांचा वाटा पंचवीसपर्यंतच असतो. म्हणजे बाप गेला तर मुलगा पंचविशीपर्यंत लहान. बाप रोज डबा घेऊन कामावर जात असेल, तर तोच मुलगा एकोणिसाव्या वर्षी मोठा. बाबांना हे वाचून दाखवलं तर ते हसून म्हणाले, "म्हणजे आडवा मीच येतोय." आई त्यांच्यावर इतकी चिडली की त्या दिवशी पुढे कोणी विषय काढला नाही.

मर्यादा कुठेतरी घालावी लागते, हे मला पटतं. सगळ्यांना जन्मभर कोण पोसणार? पण हा कायदा झाला तेव्हाचं जग वेगळं होतं. तेव्हा शिक्षण सुटलेल्या पोराला बिर्लानगरच्या मिलचा भोंगा बोलवायचा. आज ती मिल बंद पडूनही कित्येक वर्षं झाली. आता शिक्षण सुटणं आणि काम लागणं यांच्यामध्ये महिनेच्या महिने जातात, आणि घराला आधार नेमका तेव्हाच लागतो. हे महिने काही देशांनी हिशेबात धरलेत. ब्रिटनमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने शिक्षण सोडून सरकारमान्य केंद्रात नोकरीसाठी नाव नोंदवलं, तर आईबापांचा भत्ता आणखी 20 आठवडे चालू राहू शकतो. जर्मनीत एक शिक्षण संपून दुसरं सुरू होईपर्यंत चार महिन्यांची सूट आहे. फार मोठी गोष्ट नाही ही. पण 'हा मुलगा सध्या मध्ये आहे' एवढं तरी त्यात कोणीतरी मान्य केलंय.

दादा आता नया बाजारात एका दुकानात आहे. दहा माणसंही नाहीत तिथे, त्यामुळे त्याचं स्वतःचं ईएसआय कार्ड निघत नाही. भोज मुक्त विद्यापीठातून त्याने परत प्रवेश घेतलाय, पण आता एकवीस उलटली, म्हणून बाबांच्या कार्डावर तो परत येऊ शकत नाही. त्याला याचं फारसं काही वाटत नाही, किंवा तो तसं दाखवत नाही. मला मात्र वाटतं. त्याचं लहानपण एका बोनाफाईडला टांगलेलं होतं, माझं लग्नाला टांगलेलं आहे. त्याने शिक्षण सोडलं तो दिवस त्याच्यासाठी सगळ्यात मोठ्या जबाबदारीचा होता, आणि कागदाने त्याच दिवशी त्याला घराबाहेर काढलं.

आपल्या वर्गातलं कोणी ना कोणी दर वर्षी जूनमध्ये परत येत नाही. भेटलं की आपण विचारतो, "मग, सध्या काय करतोस?" त्याच्याकडे बहुतेक सांगण्यासारखं काही नसतं, आणि तो पुढच्या वेळी आपल्याला टाळतो. त्यापेक्षा विचारा, नाव कशाकशातून कमी झालं? वडिलांच्या कार्डावर अजून आहे का? स्कॉलरशिपचं काय? एकविशीच्या आत असेल आणि जमत असेल, तर बाहेरून का होईना, कुठे प्रवेश घेता येईल? फॉर्मवर तिसरा रकाना कधी येईल तेव्हा येवो. तोवर त्या सात महिन्यांत कोणीतरी त्याच्याबरोबर बसून कागद वाचायला हवेत, आणि ते आपल्याला येतं.