एका रात्रीचा वेरूळ मुक्काम

मराठवाड्यातील व्यापारी कुटुंबांना प्रवासाचे नावीन्य नाही. शिखरजीची यात्रा होते, श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक चुकवला जात नाही, लग्नसराईत तर महिना महिना गाडीची चाके थांबत नाहीत. परंतु कोणतेही निमित्त नसताना, ना यात्रा, ना सोयरीक, ना खरेदी, केवळ विसाव्यासाठी एखाद्या उत्तम हॉटेलात एक रात्र राहून यावे, ही कल्पना आपल्या घरांत अजूनही थोड्या संकोचानेच बोलली जाते. ज्येष्ठांचे दोन आक्षेप ठरलेले असतात. दुकानाचे काय, आणि जेवणाचे काय. दोन्ही आक्षेप योग्य आहेत. म्हणूनच अशा मुक्कामाची आखणी या दोन प्रश्नांपासून सुरू करावी, हॉटेलच्या छायाचित्रांपासून नव्हे, असे आमचे मत झाले आहे.

आमचे गाव चुडावा. परभणी जिल्ह्यातील पूर्णा तालुक्यात, पूर्णा–नांदेड लोहमार्गावरचे एक लहानसे स्टेशन. निजामी राजवटीत हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडपर्यंत रूळ टाकले आणि या भागातल्या कापसाला, ज्वारीला दूरची बाजारपेठ दिसू लागली. आजही आमच्याकडे दिवसाचे गणित गाड्यांच्या आवाजावर चालते. वडिलांचे दुकान पुढे, घर मागे. गेली चाळीस वर्षे दुकानाची किल्ली त्यांच्या उशाशी असते. परगावी लग्नाला गेले तरी रात्री उशिरा का होईना, ते परत येतात. त्यामुळे आई-वडिलांना एक रात्र बाहेर न्यायचे ठरले, तेव्हा खरा प्रश्न पैशांचा नव्हता. ती किल्ली एका रात्रीपुरती दुसऱ्याच्या हाती देण्याचा होता.

शहर कोणते निवडावे? नांदेड आम्हाला तासाभराच्या अंतरावर, म्हणजे फारच जवळ. तेथे राहिलो तर मोंढ्यातून निरोप आला की वडील उठून चालू लागणार, हे निश्चित. हैदराबाद दूर, एका रात्रीसाठी दोन रात्रींचा प्रवास पदरी पडतो. छत्रपती संभाजीनगर मात्र नेमके मध्ये बसते. पूर्ण्याहून रेल्वेने सुमारे २०० किलोमीटर. पहाटेची गाडी धरली की दुपारच्या आत शहर गाठता येते. मोटारीने जाणाऱ्यांना जालन्यापुढे समृद्धी महामार्गाचा उपयोग होतो. मात्र वयस्कर माणसे बरोबर असतील तर आम्ही रेल्वेच सुचवू. पाय मोकळे करता येतात, आणि डबा उघडायला मांडीऐवजी बाक मिळतो. शहरापासून वेरूळ अवघे ३० किलोमीटर. त्या वाटेवर आणि लेण्यांच्या परिसरात हिरवळ, प्रशस्त खोल्या, पोहण्याचा तलाव असलेली विश्रामस्थाने आहेत. शहरात पंचतारांकित हॉटेलेही आहेत. एकच रात्र असेल तर शहराबाहेर, डोंगर दिसेल अशा ठिकाणी राहावे. शहरातल्या हॉटेलात उतरले की बायकांना बाजार आठवतो, पुरुषांना घाऊक व्यापारी आठवतात, आणि मुक्कामाची पुन्हा खरेदी होते. (हिमरू आणि पैठणीचा मोह येथे प्रबळ असतो. रेशमाविषयीची चर्चा ज्याच्या त्याच्या घरी होत असेलच. येथे ती नको.)

यानंतर पंचांग. ही पायरी बाहेरच्या कोणत्याही प्रवास-पुस्तिकेत सापडणार नाही. वेरूळ सर्वांत सुंदर दिसते ते पावसाळ्यात. डोंगर हिरवा होतो, २९ क्रमांकाच्या लेण्यापाशी धबधबा कोसळतो. पण तो चातुर्मास. अनेक घरांत त्या काळात अनावश्यक प्रवासाची मर्यादा असते. दसऱ्यापासून पौषापर्यंत सोयाबीन आणि कापसाची आवक. तेव्हा गादी सोडण्याचे नाव काढू नये. उन्हाळ्यात कातळ तापतो आणि लग्ने असतात. उरतो तो माघ. त्यातून मंगळवार वगळावा, कारण वेरूळची लेणी त्या दिवशी बंद असतात. अष्टमी-चतुर्दशी वगळावी, कारण अनेकांचे उपवास, एकाशने आणि हिरव्या भाज्यांचा त्याग. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस वगळावा. एवढी वजाबाकी करून आमच्या हाती महिन्यातले मोजकेच दिवस राहिले, आणि त्यांपैकी एक आईने बोट ठेवून निश्चित केला. वडील म्हणाले, "बघू." आई म्हणाली, "अहो, चाळीस वर्षे बघतोच आहोत." विषय संपला.

आता जेवणाचे. हॉटेलच्या खाद्यपत्रिकेवर 'जैन' असा शब्द आहे, एवढ्यावर विसंबून राहू नये. बहुतेक स्वयंपाकघरांत त्याचा अर्थ 'कांदा-लसूण नाही' एवढाच असतो. आले, बटाटा, गाजर यांचे काय, हे विचारावे लागते. शिवाय मोठ्या हॉटेलांत भाज्यांचा रस्सा सकाळीच एकत्र शिजवून ठेवलेला असतो आणि त्यात हे सारे आधीच असते. तेव्हा ऐनवेळी सांगून भाजी जैन होत नाही. यासाठी आरक्षण करणाऱ्या माणसाशी न बोलता मुख्य स्वयंपाक्याशी, तेही दोन दिवस आधी, बोलावे. मागणी साधी ठेवावी. मुगाचे वरण, फुलके, कच्च्या केळ्याची भाजी, टोमॅटोचे सार, भात. स्वतंत्र कढई आणि स्वतंत्र तवा. ओली हळद नको, वाळलेली चालेल, हे त्या स्वयंपाक्याला समजावताना थोडी गंमत झाली. "दोन्ही जमिनीखालचीच ना?" असे त्याने विचारले. शेजारच्या वसमतच्या हळदीवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. वाळलेली हळद पुन्हा रुजत नाही, एवढे त्याला पुरले. चांगला स्वयंपाकी अडचणीवर रागावत नाही. त्याला नेमके सांगितलेले आवडते.

सर्वांत अवघड मागणी वेळेची. हॉटेलात रात्रीचे जेवण साडेसातला मांडतात. माघात वेरूळला सूर्यास्त साधारण सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान होतो. जी घरे सूर्यास्ताच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी आटोपतात, त्यांना साडेपाचपर्यंत पानावरून उठायचे असते. दुपारच्या चहाच्या वेळी संपूर्ण जेवण द्या, असे सांगणे म्हणजे स्वयंपाकघराची घडी मोडणे. त्याचे वेगळे पैसे लागत असतील तर ते आनंदाने द्यावेत, असे आम्ही म्हणू. पंचतारांकित खोलीच्या भाड्यात गादीची जाडी आणि नळाची चमक येते. आपल्या घरची जेवणाची वेळ मात्र वेगळी विकत घ्यावी लागते, आणि आपल्यासाठी खरे ऐश्वर्य तेच आहे. उकळलेल्या पाण्याची सोयही आधीच सांगावी. खोलीतल्या विजेच्या किटलीत आधी कोणी काय उकळले असेल याचा भरवसा नाही. आपली किटली सोबत असावी.

ही एक अट पक्की झाली की सारा दिवस तिच्याभोवती आपोआप लागतो. गाडीत सूर्योदयानंतर नवकारशी होईपर्यंत थांबून दशम्या आणि कोरडी चटणी. दुपारी शहरात उतरून थेट विश्रामस्थान. दोन वाजता लेणी.

वेरूळच्या ३४ लेण्यांत पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. एकाच दुपारी सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये. डोंगराचा हा उतार पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतरचा प्रकाश लेण्यांच्या आत शिरतो. कैलास, म्हणजे १६ क्रमांक, बाहेरून आणि अंगणातून शांतपणे पाहावा. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळी, आठव्या शतकात, कळसापासून पायाकडे कोरत आणलेले हे मंदिर. यात जोडलेले काही नाही, सारे काढलेलेच आहे. मग वाहनाने उत्तरेकडे. जैन लेणी मुख्य समूहापासून एक-दीड किलोमीटर दूर आहेत, आणि बहुसंख्य प्रवासी कैलासापाशीच दमून परततात. त्यामुळे येथे जी शांतता मिळते ती कैलासात मिळत नाही.

यांतील बहुतेक काम नवव्या-दहाव्या शतकांतले. जिनसेनाचार्यांना गुरुस्थानी मानणारा अमोघवर्ष ज्या राष्ट्रकूट घराण्यातला, त्याच घराण्याच्या राजवटीचा हा काळ. ३० क्रमांकाचा 'छोटा कैलास' अपुरा राहिला आहे. ३२ क्रमांकाला 'इंद्रसभा' म्हणतात, पण तेथे इंद्र नाही. हत्तीवर आरूढ यक्षाला पाहून लोकांनी इंद्र मानले आणि नाव रूढ झाले. समोर सिंहावर बसलेली अंबिका, तिच्यावर आंब्याचा डेरेदार वृक्ष. अंगणात अखंड पाषाणातले छोटे मंदिर, एका बाजूला हत्ती. आत पार्श्वनाथांवर उपसर्ग चालला आहे आणि ते निश्चल उभे आहेत. बाहुबलींच्या अंगाखांद्यावर वेली चढल्या आहेत. वरच्या मजल्यावर छतात कमळ आहे आणि काही ठिकाणी रंगांचे अवशेष अजून टिकून आहेत. वडील तेथे एका खांबाला टेकून बराच वेळ बसले. व्यापाऱ्याच्या सवयीने त्यांनी विचारले, "याला मजुरी किती लागली असेल?" मग स्वतःच म्हणाले, "आणि किती वर्षे पैसे अडकून पडले असतील." अशा कामाचा हिशेब मांडायला कोणती वही घ्यावी, यावर त्यांचे आणि नातवाचे बराच वेळ बोलणे झाले.

साडेचारला परत, पाचला पान. संपूर्ण भोजनगृहात आम्हीच. वाढपी पांढऱ्या शुभ्र पोशाखात, आणि पानात आईच्या हातचे असते तसे वरण. साडेपाचला आचमन झाले, आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जी मंडळी नऊला जेवायला बसतात त्यांची संध्याकाळ जेवणाची वाट पाहण्यात आणि नंतर जेवण्यात जाते. आमच्यापुढे मात्र मोकळी, अखंड संध्याकाळ पसरली होती. स्वयंपाक नाही, झाकपाक नाही, रोजमेळ नाही. डोंगरामागे सूर्य उतरताना आईने हिरवळीच्या कडेला बसून प्रतिक्रमण केले. वडील पादत्राणे हातात घेऊन चालत राहिले. तलावात पोहणाऱ्या मुलांकडे पाहून त्यांनी एवढेच विचारले की हे पाणी गाळतात का. उत्तर ऐकून गप्प झाले. नंतर सगळे एकत्र बसलो. त्या रात्री वडिलांनी स्वतःच्या वडिलांविषयी, दुकानातल्या पहिल्या तराजूविषयी, एका वर्षी उधारी बुडाल्यावर गादीवर काय झाले याविषयी जे सांगितले ते आम्ही घरात कधी ऐकले नव्हते. घरी रात्री नऊनंतर ते बोलत नाहीत, हिशेब करतात.

स्नानगृहात संगमरवर, पाण्याची मोठी टाकी, डोक्यावरून पडणारे पाणी, सारे होते. आईने बादली आणि तांब्या मागवला. सेवकाने तो कोठून तरी मिळवून आणला, आणि कसलेही हसू चेहऱ्यावर येऊ दिले नाही. हॉटेलाची परीक्षा करायची असेल तर हीच करावी.

सकाळी नवकारशीनंतर, लेण्यांच्या वरच्या डोंगरावरील पार्श्वनाथांचे दर्शन. पायऱ्या आहेत, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी उन्हे चढण्यापूर्वी, थांबत थांबत चढावे. आसनस्थ भव्य मूर्तीपाशी शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५ चा लेख आहे. चक्रेश्वर नावाच्या दात्याने ही मूर्ती करविली. खालची लेणी राष्ट्रकूटांच्या काळातली, ही त्यानंतर काही शतकांनी यादवकाळातली; मध्यंतरी राज्ये बदलली, तरी हा डोंगर आपल्या लोकांनी सोडला नव्हता, हे त्या तिथीवरून दिसते.

येथून पुढे अनेकांना कचनेर आठवते, परतीच्या वाटेवर जिंतूरचे नेमगिरी आणि मिरखेलजवळचे नवागडही आठवते. ही क्षेत्रे आपली आहेत, आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा. एका रात्रीच्या मुक्कामात चार क्षेत्रे भरली की दर्शन घाईचे होते आणि विसावाही पदरात पडत नाही. आम्ही उतरलो, स्नान केले, आणि दुपारची गाडी धरली.

परतीची काळजी एकच. दुपारच्या गाडीने परभणीच्या अलीकडेच सूर्य मावळतीला येतो. स्टेशनवर मिळणाऱ्या पदार्थांवर अवलंबून राहू नये. हॉटेलच्या स्वयंपाकघरातूनच फुलके आणि कोरडी भाजी बांधून घ्यावी, त्याचे पैसे आदल्या रात्रीच चुकते करावेत. सेलूच्या आसपास डबा उघडला. वडिलांनी हात धुतले, आणि चुडाव्यास दुकानातल्या मुलाला दूरध्वनी करून सांगितले की किल्ली आज रात्रीही तुझ्याकडेच ठेव, सकाळी घेईन.