काउंट प्लस, खिसा मायनस

लास व्हेगासच्या बहुतेक कसिनोंमध्ये भिंतीवर घड्याळ सापडत नाही. त्यामुळे ‘अजून एकच डाव’ म्हणता म्हणता पहाटेचे तीन कधी वाजतात, कळतच नाही. पण मी टाइमपास करायला गेलोच नव्हतो. मी गेलो होतो पत्ते मोजायला!

सगळं खूळ ‘21’ या 2008च्या सिनेमाचं. एमआयटीची पोरं ब्लॅकजॅकमध्ये व्हेगासला धुऊन काढतात. मग कळलं, याचा पाया घातला एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने, 1962मध्ये पुस्तक लिहून. आणि पद्धत चक्क सोपी आहे. दुर्री ते छक्की पडली की प्लस एक. सत्ती, अठ्ठी, नव्वीला शून्य. दश्शी, चित्रं आणि एक्का पडला की मायनस एक. आकडा जितका वर, तितकी उरलेल्या पानांत मोठी पानं जास्त, म्हणजे आपला चान्स बरा. तेव्हा बेट वाढवायची. बस्स!

घरी महिनाभर प्रॅक्टिस केली. कॅट पिसायचा, एकेक पान उलटायचं आणि अर्ध्या मिनिटात 52 पानं मोजायची. शेवटी शून्य आलं की पास. टीव्ही मोठ्याने लावून मोजायचं, कारण कसिनोत शांतता मिळत नाही. आई म्हणाली, ‘‘अरे, लोक दिवाळीत पत्ते काढतात, तू गणपतीतच सुरू झालास?’’

तर मंडळी, फ्रीमाँट स्ट्रीट. जुनं व्हेगास. स्ट्रिपवर कमी बेटच्या टेबलांवर बहुधा ‘6:5’ लिहिलेलं असतं, म्हणजे 10 डॉलरवर ब्लॅकजॅक लागला तर 12 मिळणार. ‘3:2’च्या टेबलावर 15. पहिलं स्किल हेच, टेबलावरची पाटी वाचणं! मी 15 डॉलरचं 3:2 टेबल शोधलं. खिशात 300 डॉलर.

सहा कॅट, 312 पानं. शेजारी बडबडे काका, हातात फुकटचं ड्रिंक घेऊन येणारी वेट्रेस, मागे पिट बॉस. मनातल्या मनात मोजणं नेवाडात गुन्हा नाही, मोबाइल किंवा यंत्र वापरणं आहे. पण संशय आला तर कसिनो ‘आता पुरे’ म्हणून उठवू शकतो. म्हणून चेहरा टूरिस्टचा आणि डोकं अकाउंटंटचं.

तिसऱ्या फेरीत काउंट प्लस सहा, दोन कॅट शिल्लक. भागाकार केला, खरा काउंट प्लस तीन. 60 डॉलर लावले. मला दोन राजे, डीलरपुढे छक्की. सही! डीलरने झाकलेलं पान उघडलं, दश्शी. पुढचं पान पंजी. एकवीस.

माझं गणित बरोबर होतं आणि पैसे गेले होते.

पुढच्या फेरीत काउंट मायनसमध्ये. 15च्या वर जायचंच नाही, हे मला पाठ होतं. तरी हाताने 100 सरकवले. रागात. तेही गेले. महिनाभराची प्रॅक्टिस त्या दोन सेकंदांत पाण्यात!

बाहेर येऊन बाकावर हिशेब केला. चांगल्या मोजणाऱ्याचीही आघाडी 1 टक्क्याच्या आसपास. ताशी 60 डाव, सरासरी 25 डॉलर बेट, म्हणजे तासाला 15 डॉलर. तेही हजारो डाव एकाच थंड डोक्याने खेळल्यावर. दोन रात्रींच्या टूरिस्टला त्यातलं काय दिसणार? नुसते चढउतार. मोजणं कुणीही शिकेल. हरल्यावरही ठरलेलीच बेट लावणं, हे खरं स्किल. आणि ते माझ्याकडे नव्हतं.

खिशात 90 डॉलर उरले होते. एका 24 तास उघड्या डायनरमध्ये शिरलो, ऑम्लेट मागवलं. वेट्रेसने विचारलं, ‘‘जिंकलास की हरलास?’’

‘‘शिकलो,’’ मी म्हटलं.

ती हसली. हे उत्तर तिने बहुतेक रोजच ऐकलेलं असणार.