डाव्या पायाचें काम

इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक म्हणून माझीं तीस वर्षें होत आलीं. परंतु या सगळ्या काळांत माझ्या डाव्या पायाची कोणाला गरज पडल्याचें मला आठवत नाहीं. गेल्या मे महिन्यांत मात्र ती एकाएकीं पडली.

वर्ध्याचा मे महिना ज्यानें सोसला आहे त्याला दुपारीं तीनच्या सुमारास येथें माणूस काय करतो हें सांगावयास नको. कूलरच्या तोंडापुढें पडून राहणें हा त्या वेळचा सार्वत्रिक उद्योग; आणि मीहि तोच करीत होतों. तोंच चिरंजीव दारांत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, जरा येतां का? तुमचा पाय हवाय."

येथें थोडा खुलासा केला पाहिजे. इंजिनिअर झालेला माझा मुलगा पुण्यांतील नोकरी सोडून आदल्या दिवाळींत घरीं परत आला, तो ड्रम वाजविण्याचा व्यवसाय करावयाचा असें ठरवून. त्या दिवसापासून आम्हां दोघांचें बोलणें भाजींत मीठ कमी आहे, दूधवाला येऊन गेला, याच्यापलीकडे फारसें जात नसे. "चार वर्षें शिकलास तें रबरावर काठ्या आपटण्यासाठीं का?" असें मीं एकदां विचारलें होतें. विद्यार्थ्यांना उपरोध समजावून देतां देतां तो माझ्या जिभेला नको इतका सोपा झाला आहे. त्यानें उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो खोलीचें दार लावून घेऊं लागला, एवढेंच.

रबराची गोष्ट मात्र खोटी नव्हती. विजेवर चालणाऱ्या ड्रमच्या तबकड्या रबराच्या किंवा जाळीच्या असतात. काठी पडली कीं आंतील संवेदक तो आघात टिपतो आणि नाद उमटतो तो वाजविणाऱ्याच्या कानांवरील हेडफोनमध्यें. घरांतल्या इतर माणसांच्या वांट्याला येते ती नुसती ठकठक. सहा महिने मीं भिंतीपलीकडून ती ऐकली होती. एखादा सुतार न संपणारें कपाट करीत बसला आहे, असें मला वाटे.

मी खोलींत गेलों. मेजावर संगणक, त्यापासून चार हात दूर तो ड्रमचा सांगाडा आणि मध्यें तारांचा गुंता. गेले तीन दिवस चिरंजीव हाय-हॅटशीं झगडत होते. हाय-हॅट म्हणजे एका दांड्यावर समोरासमोर बसविलेल्या दोन झांजा. डाव्या पायानें पेडल दाबलें म्हणजे त्या मिटतात, सोडलें म्हणजे उघडतात. शंभर वर्षांपूर्वीं अमेरिकेंतील वादकांजवळ अशा झांजा होत्या, पण त्या जमिनीलगत असत आणि नुसत्या पायानें वाजत. पुढें दांडा उंच झाला आणि काठ्यांनाहि त्यांच्यापर्यंत पोंचतां आलें. विजेच्या या संचांत झांजा नाहींतच. वर एक रबरी तबकडी, खालीं एक पेडल. दोहोंचा संबंध फक्त तारेचा.

त्या तारेंतून काय वाहतें, हें मला त्या दुपारीं प्रथम समजलें. तेथून ध्वनि जातच नाहीं; जातात त्या सूचना. कोणती तबकडी, किती जोरानें, पेडल किती खालीं. या सूचनांची भाषा मिडी या नांवानें ओळखली जाते. 1983 सालच्या जानेवारींत अमेरिकेंतील एका वाद्यप्रदर्शनांत एका अमेरिकन कंपनीचें आणि एका जपानी कंपनीचें अशीं दोन वाद्यें एका तारेनें जोडून दाखविण्यांत आलीं, आणि एकावर हात ठेवतांच दुसरें बोलूं लागलें. त्या भाषेंत प्रत्येक गोष्टीला 0 पासून 127 पर्यंतचा आकडा असतो. मिटलेली हाय-हॅट म्हणजे सामान्यतः 42 क्रमांकाचा स्वर, उघडी म्हणजे 46. आणि पायाची स्थिति सांगण्यासाठीं नियंत्रणाचा 4 हा क्रमांक राखलेला. भातखंड्यांची स्वरलिपि पाहून कोणी गाऊं लागावें, तसा हे आकडे वाचून संगणक आपल्या सांठ्यांतील खऱ्या झांजेचा नाद काढून देतो. मला ही व्यवस्था आवडली. नाटकाची संहिता एकीकडे आणि नट दुसरीकडे, असा कांहींसा तो प्रकार आहे.

"तुम्ही दाबा, मी आकडे बघतो," तो म्हणाला.

"दाबा." मीं दाबलें. "सोडा." सोडलें. "अर्धं." हें अर्धें फार कठीण. पेडलचा सगळा प्रवास दोन बोटांचा; त्यांत एकशें अठ्ठावीस पायऱ्या! अध्यापकाचा पाय पायरी 60 वर स्थिर ठेवूं म्हटल्यास तो 75 वर जाऊन थरथरतो.

मग त्यानें आपले हेडफोन माझ्या कानांवर चढविले आणि स्वतः काठी घेऊन तो तबकडीवर वाजवूं लागला. सहा महिन्यांची ती ठकठक पहिल्यानेंच मला नाद होऊन ऐकूं आली. ती झांज होती! मी पाय दाबीत सोडीत राहिलों. दोन मिनिटांनीं मी म्हणालों, "अरे, दाबल्यावरहि हिची शेपटी उरते आहे. मिटत नाहीं ही."

तो थांबला. "तुम्हांला कसं कळलं?"

मीं त्याला कधींच न सांगितलेली गोष्ट अशी कीं, आर्वीजवळच्या आमच्या खेड्यांत माझे वडील भजनी मंडळांत टाळ धरीत आणि वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मी त्यांच्या शेजारीं बसत असें. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा हा मुलुख; कार्तिकांत काकडआरतीला थंडीनें बोटें आंखडलेलीं, आणि माझा टाळ लांबत राही. "टाळ असा मोकळा काऊन सोडतं रे? दाब न त्याले!" असें वडील म्हणत. पुढें मी नागपुरास शिकावयास गेलों. वसतिगृहांत टाळाचें नांव काढण्याची मला लाज वाटूं लागली आणि सुटींत घरीं आल्यावर मी मंडळांत बसेनासा झालों. वडिलांनीं मला त्याबद्दल एका शब्दानेंहि विचारलें नाहीं. माझी जागा कांहीं दिवस त्यांनीं शेजारीं रिकामी ठेवली होती, हें मला आईकडून कळलें, तेंहि फार उशिरां.

हें सर्व मीं त्याला सांगितलें, कानांवर हेडफोन तसेच असतांना. त्यामुळें मी बहुधा ओरडूनच बोलत असलों पाहिजे. तो कांहीं बोलला नाहीं. संगणकाकडे वळून त्यानें आकडे पाहिले. माझा पाय पूर्ण दाबलेला असतांना तेथें 109 दिसत होतें; आणि संगणकाची समजूत अशी कीं, 127 च्या आसपास आल्याखेरीज झांज घट्ट मिटली असें मानावयाचें नाहीं. म्हणजे पाय आपल्या परीनें मिटत होता आणि यंत्र त्याला किंचित् उघडाच धरीत होतें. तीन दिवस तो तार, तबकडी, ध्वनींचा सांठा या सर्वांवर संशय घेत होता. त्यानें वरची मर्यादा 105 वर आणली. त्यापुढचें सारें मिटलेलेंच समजावें, असें यंत्राला बजावलें.

"आतां दाबा."

मीं दाबलें. नाद जागच्या जागीं तुटला.

"पुन्हां वाजव," मी म्हणालों. त्यानें वाजविलें. तें कूलरचें पाणी संपून त्याची नुसती घरघर होईपर्यंत चाललें होतें, आणि चहाला हांका मारून थकलेली मंडळी शेवटीं दारांत येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशीं त्याच्या ध्यानांत आलें कीं, ही सगळी मोजणी माझ्या पायाची झाली होती. त्याचा पाय जड. तो टेकतो न टेकतो तोंच झांज मिटे आणि अर्धी उघडी ठेवण्यास जागाच उरेना. त्यानें सर्व आकडे पुन्हां स्वतःच्या पायानें घेतले. परवां हिंगणघाटच्या एका गायक मित्राचें गाणें त्यानें त्याच मोजणीवर मुद्रित केलें. मला ऐकविलें. संगणकाच्या यादींत आतां दोन मोजण्या आहेत. वरची त्याच्या नांवाची, आणि खालीं, न पुसलेली, एक 'बाबा' या नांवाची.