टबीथाने शिवलेली वस्त्रे



आपल्या चर्चच्या जुन्या संगणकावर तरुण संघाने उबंटू बसवले आहे. पावसाळ्यात विजेने त्याचे केबलचे पोर्ट जळले, म्हणून पाळकसाहेबांच्या घरचे वायफाय घेण्यासाठी यूएसबी ॲडॅप्टर आणला. तो लावला, पण वायफाय काही दिसेना. कॅमेरा आणि माइक त्याच संगणकाला जोडलेले, त्यामुळे तीन रविवार उपासना बाहेर गेली नाही.

निपाणीच्या एक मावशी आयुष्यभर विड्या वळून आता दम्याने घरीच असतात. बेळगाव सत्तरेक किलोमीटर दूर. त्यांना तर जिनासुद्धा उतरवत नाही. पुतण्याच्या मोबाइलवर दिसते तेवढेच त्यांचे चर्च. तिसऱ्या रविवारी त्यांनी निरोप धाडला, "मला विसरलात काय?"

टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा दिली तेव्हा उलगडा झाला. रिअलटेकचा तो ॲडॅप्टर स्वतःला सीडी म्हणवून घेत होता! अशा काही ॲडॅप्टरांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो, म्हणून ते आधी डिस्कच्या रूपात पुढे येतात. 'यूएसबी मोडस्विच' हा छोटा प्रोग्रॅम त्यांना ते रूप सोडायला लावतो. मग आतली आरटीएल 8821सीयू चिप दिसली. तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये 6.2 पासून, म्हणजे 2023 पासून, आहे. आपले कर्नल त्याहून जुने. संगणक व्हरांड्यात आणला, कारण मोबाइलला रेंज तिथेच, आणि केबलने मोबाइलचे इंटरनेट देऊन नवे कर्नल उतरवले. चौथ्या रविवारी मावशींनी घरूनच आमेन म्हटले.

रिअलटेकच्या ड्रायव्हरांचा शोध घेताना लॅरी फिंगर हे नाव पुन्हा पुन्हा भेटते. हे अमेरिकेतले स्फटिकशास्त्रज्ञ. फिंगराइट हे खनिज त्यांच्याच नावाचे. लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांवर त्यांनी वर्षानुवर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले. जून 2024 मध्ये ते वारले.

यापोची टबीथा वारली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला तिने शिवलेली वस्त्रे दाखवली. प्रेषितांच्या कृत्यांच्या 9 व्या अध्यायात मला चमत्काराइतकाच तो कपड्यांचा ढीग मोलाचा वाटतो. टबीथाला आपल्या विधवा निदान ओळखीच्या होत्या. फिंगर यांना निपाणी कुठून ठाऊक असणार?

गेल्या रविवारी आभारप्रार्थनेत मी त्यांचे नाव घेतले. बाहेर पडताना एका आजोबांनी हात धरून विचारले, "हे फिंगर कुठल्या मंडळीचे रे?"