एका वर्षाचा वारसा

सराव पाठ सुरू झाले आणि पहिल्याच आठवड्यात आमच्या अध्यापक महाविद्यालयातील एका छात्राध्यापिकेने शिक्षण सोडले. सातवीच्या वर्गात फळ्यावरचे गणित चुकले, मुले हसली आणि आम्ही निरीक्षणवहीचे अर्धे पान लाल शाईने भरले. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. असे आपल्या एकटीचेच झाले, अशी तिची समजूत झाली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले.

बी.एड. एका वर्षाचे होते, त्या काळातील ही गोष्ट. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्यापूर्वी प्रवेश, सराव पाठ, छात्रसेवाकाल, परीक्षा अशा धांदलीत ओळख होते न होते तोच निरोप समारंभ येई. ‘एवढ्या अवधीत कसली परंपरा रुजणार?’ असे आम्ही अध्यापक म्हणत असू.

त्या मुलीच्या रिकाम्या बाकाने आम्हांला विचार करावयास लावले. शाळेत पाचवीच्या मुलाला दहावीतले दादा-ताई दिसतात. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात मात्र एक तुकडी गेल्यावरच दुसरी येते. ‘माझाही पहिला पाठ असाच फसला होता’, हे सांगणारे थोरले कुणी नसतेच.

मग निरोपाच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या फसलेल्या पाठाविषयी एका जाड वहीत लिहावे, असे ठरले. सुरुवातीची पाने आम्ही अध्यापकांनी लिहिली. नवी तुकडी आली, तेव्हा आदल्या वर्षीच्या काही जणांना एका शनिवारी बोलावून ती वही त्यांच्याच हस्ते दिली. पाच-पाच जणांचे गट केले. पाठ टाचण गटात वाचल्यावाचून वर्गावर जायचे नाही, असा नियम केला. त्या वर्षी एकाचा पाठ फसला, तेव्हा संध्याकाळी त्याच्या गटातील दोघे त्याच्या घरी गेले आणि पुढचे टाचण तिघांनी मिळून काढले. आम्ही त्यांना तसे सांगितले नव्हते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी पुन्हा एका वर्षाचे बी.एड. सुचविले आहे. जेथे ते सुरू होईल, तेथे पहिल्याच आठवड्यात आदली तुकडी नव्या तुकडीला भेटावी, एवढेच आमचे सांगणे.

त्या मुलीच्या घरी मात्र आम्ही कधी गेलो नाही. ती बोच अजून आहे.