गाडी ताब्यात घेताना

गॅरेजवाले म्हणाले, ‘संध्याकाळी या, निवांत बघा.’ मी मुद्दाम भर दुपारी लालबागला गेलो. ट्यूबलाइटखाली प्रत्येक रंग जुळतो. चंदेरी मेटॅलिकची खरी परीक्षा उन्हातच. डावा दरवाजा आणि मागचा पत्रा समोरून एकच वाटत होते. तिरकं पाहिलं तर दरवाजा किंचित काळसर, आणि खालच्या कडेला रंग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत.

खिशातला लहान लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवला. पत्र्यावर तो चिकटला, चाकावरच्या कमानीपाशी सुटला. म्हणजे तिथे ठोकाठोक कमी, पुट्टी जास्त! (बंपरवर हा प्रयोग करू नये, तो प्लास्टिकचा असतो.) पुट्टी वाईट नसते, पण जाड थर धक्क्यांनी तडकतो, आणि आपल्या रस्त्यांवर धक्क्यांना काय तोटा?

शेजारच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तीवर स्प्रेगन चालली होती. तिथला हात जास्त सफाईदार वाटला, खोटं कशाला बोलू.

मला पद्मिनी टॅक्सी आठवल्या. शेवटची 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर 2023मध्ये तीही गेली. त्यांचा जाड पत्रा हातोडीने सरळ व्हायचा, रंगही दोनच, काळा-पिवळा. छटा जुळवण्याचा प्रश्नच नव्हता.

शेवटी दरवाजावर पाइपने पाणी मारायला लावलं. आत थेंब आला. बीडिंग आणि कमान सोमवारी करून देणार आहेत. तोवर उरलेले पैसे माझ्याकडेच.