डावी बाजू

मागच्या चाकाची डावी बाजू ज्याला साधली, त्यालाच मी कारागीर मानतो. उजवीकडे फ्रीव्हील जागा खातं. रिम मध्यावर आणायची तर उजव्या तारा उभ्या आणि कडक होतात, डाव्या तिरप्या आणि सैल राहतात. रिकाम्या सायकलीला हे चालून जातं. कॅरिअरला दोन्हीकडून पिशव्या लटकवून घाट उतरायचा असेल तर नाही चालत. भार येताच डावी तार क्षणभर मोकळी होते, चाक पुढे गेलं की पुन्हा ताणते. दिवसभर हेच चाललं की तार रिमला आवळून धरणारं निप्पल आपोआप सुटत जातं, आणि एखादी तार हबच्या भोकाशी, वाकणातच तुटते.

शेजारच्या दोन तारा अंगठा आणि बोटात दाबून मी ताण ओळखायचो. आऊट, म्हणजे चाकाची डगमग, काढणं डोळ्याचं काम, ते पोरंही शिकतात; ताण ओळखणं बोटांचं. साखरेने माझ्या बोटांची टोकं बधिर केली. आता सगळ्या तारा सारख्याच लागतात. ताण मोजायचं मीटर मिळतं, मी घेतलं नाही. पैशाचा प्रश्न नव्हता. मीटर लावून चाक भरताना बुलढाण्यात मला कोणी पाहावं, हेच सोसणारं नव्हतं.

यंदा हिवाळ्यात आम्ही नवराबायकोने सायकलींवर उनपदेवला जायचं ठरवलं. दोन्ही मागची चाकं नव्याने भरली, पण शेवटचा ताण हिच्या कानाने लागला. ही भजनी मंडळात पेटी वाजवते. एकेक तार नखाने छेडायची आणि मान हलवायची. "अहो, ही पाहा, बोलतच नाही." उजव्या तारांचा सूर चढा, डाव्यांचा खालचा, पण एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात लागल्या पाहिजेत. मला हे ठाऊक होतं, तरी बोटं चालत होती तोवर कानाला विचारावं असं वाटलं नव्हतं. मी पाना फिरवायचो, ही "थांबा" म्हणायची.

बुलढाणा घाटावर, मलकापूर घाटाखाली. राजूर घाटाच्या पहिल्याच वळणांत चाकाची परीक्षा होते. निप्पल आवळताना तार पिळते. तो पीळ तिथल्या तिथे थोडा उलटा फेरा देऊन काढला नसेल, तर उतारावर तारा टिक टिक करत सुटतात. मी कान देऊन उतरत होतो. हिच्या चाकातून आवाज नाही, माझ्याही नाही. आनंद झाला, आणि मोताळा येईपर्यंत असूयाही वाटली.

पुढे मलकापूर, मुक्ताईनगर, भुसावळ. तापी ओलांडून यावलच्या केळीबागा. मग अडावद आणि सातपुड्याचा पायथा. उनपदेवला गरम पाणी संथ वाहतं. शरभंग ऋषींचं ठिकाण म्हणून लोक येतात. पाणी पावसाचंच, भेगांतून खोल उतरून तापलेलं.

उसळणारं पाणी आम्ही लडाखात पाहिलं होतं. चुमाथांगहून सुमडो, तिथून पूगाचं खोरं, मग पोलोकोंगका खिंड. पूगा सुमारे 4,400 मीटरवर आहे. जमिनीवर बोरॅक्स आणि गंधकाचे पांढरे-पिवळे थर. त्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे जमिनीतून निघतानाच वाफेसकट उडतं. त्या खडकाळ रस्त्यांवर आमची एकही तार तुटली नाही, हे मी दुकानात येईल त्याला ऐकवत आलो. फवारे कसे होते ते हिला विचारावं. मी चाकांबद्दलच बोलतो.

शोरूमवाले हल्ली चाक भरतच नाहीत, बदलून देतात. मशीनवर भरलेलं चाक वाईट नसतं. पण पहिल्या दोनेकशे किलोमीटरनंतर त्याला एकदा माणसाचा हात लागायला हवा, आणि असा हात कोणी ठेवत नाही. जुन्या काळ्या सायकलीला पुढे 32 आणि मागे 40 तारा असत. त्या मागच्या चाकावर ज्वारीचं पोतं गावोगाव जात असे. ॲटलस सायकलचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, जागतिक सायकल दिनीच बंद पडला. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

परतताना राजूर घाट चढून आलो आणि हिने सवयीने तारा छेडल्या. हिच्या चाकात डावीकडची एक तार सैल निघाली. मी डाव्या निप्पलांच्या आट्यांना जवसाचं तेल लावतो. आवळताना ते वंगणाचं काम करतं, नंतर वाळून चिकट होतं आणि निप्पलला धरून ठेवतं. थंडीत ते नीट वाळलं नसेल, असं माझं म्हणणं. हिचं म्हणणं वेगळं: डाव्या बाजूला पातळ तारा लावा. पातळ तार तेवढ्याच ताणाला जास्त लांबते, म्हणून भार आला तरी पुरती मोकळी पडत नाही. मी दोन रात्री यावर वाद घातला. तिचं बरोबर आहे, हे पहिल्याच रात्री कळलं होतं.

चाकं कोणी भरली, असं गिऱ्हाईक विचारतं. "मी," एवढंच सांगतो. कान कोणाचा होता, ते अजून दुकानात कोणाला सांगितलेलं नाही.

पातळ तारा मागवल्या आहेत. डावी बाजू ही भरणार आहे. उजवीला मी तिला हात लावू देणार नाही.